साडूंचा मोकळा सायलेन्सर

आमच्या साडूंनी आजवर ज्या ज्या वस्तूला कान लावला, ती ती वस्तू आजारी निघाली. डोळ्यांनी बघून खात्री करणारी माणसं पुष्कळ असतात, हात लावून बघणारीही असतात. आमचे साडू कानाने बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या नारायणगावच्या घरी आले, तेव्हा पुढ्यातला चहा गार होईपर्यंत ते भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून उभे होते. "पावणं, ह्याचा एक पाय लंगडतोय," म्हणाले. घड्याळ तोवर बिनतक्रार चालत होतं. त्यांनी ते उतरवलं, उघडलं, लंगडणारा पाय शोधला आणि पुन्हा भिंतीला लावलं. तेव्हापासून ते दोन्ही पायांवर व्यवस्थित उभं आहे. त्यानंतर आमचा मिक्सर झाला, शेजाऱ्यांचा फ्रिज झाला, सासुरवाडीची पाण्याची मोटार झाली. एकदा दुपारी जेवून आडवा झालो होतो, तर डोळे उघडल्यावर बघतो, साडूंचं डोकं माझ्या पोटावर. "आत पाणी फिरतंय, पण वाट घावंना त्याला," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. ते निदान खरं ठरलं, पण त्याचा तपशील इथे देण्यासारखा नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. मी त्यांना पावणं म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी दोघांपैकी कोण कोणाकडे पाहुणा आहे याचा निकाल लागलेला नाही. खोडदला त्यांची वस्ती. आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती, आणि आजोबा गाभण मेंढीच्या कुशीला कान लावून कोकरू सरळ आहे की आडवं हे सांगत, त्यासाठी दुसऱ्या तालुक्यातनं माणसं न्यायला येत, असं साडू सांगतात. पुढे मेंढरं गेली, शेती आली, कांदा आला, टोमॅटो आला. कान तेवढा सातबाऱ्यावर नोंद न होता वारसाने उतरला. ऐकायला मेंढी उरली नव्हती, म्हणून साडूंनी तो यंत्रांना लावला, एवढाच काय तो फरक.

या सगळ्या यंत्रांत त्यांचा खरा जीव एकीवर. पांढरी पिकअप. टोमॅटोच्या दिवसांत सगळ्या वस्तीची कॅरेटं भरून ते नारायणगावच्या बाजारात नेतात. कुणाचा माल कसा निघाला, कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे सारं त्या गाडीबरोबर जातं आणि त्या गाडीबरोबर परत येतं. साडू आहेत म्हणून वस्तीला बाजार आहे, आणि पिकअप आहे म्हणून वस्तीला साडू आहेत. गाडीला ते बैलासारखंच वागवतात. अवसेला बैल जुंपत नाहीत, म्हणून अवसेला पिकअपही जुंपत नाहीत. भाडं आलं तरी नाही. लांबून आली की लगेच धुवायची नाही, आधी दम खाऊ द्यायचा. आणि चालवायची ती निव्वळ कानावर. समोरच्या काट्याकडे बघून गेर बदलणाऱ्या माणसाची त्यांना कीव येते. "काट्याकडं बघून गाडी चालवायची म्हंजी ताप मोजून बायकोशी बोलायचं," असं ते म्हणतात. इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं, ते मागेल तो गेर द्यायचा. मला गाडीतलं फक्त दार कळतं, तेही आतून कसं उघडायचं हे दर वेळी विचारावं लागतं. त्यामुळे मी मान डोलवत आलो.

तर गेल्या उन्हाळ्यात, टोमॅटोचा बाजार सुरू व्हायला थोडाच अवकाश असताना, साडू माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "पावणं, गाडीचा आवाज बसलाय."

"म्हणजे?"

"म्हंजी दम कोंडलाय. आतल्या आत कण्हतीय. तिला मोकळं कराया पायजे."

मोकळं करायचं दुकान हायवेलाच होतं. गोंडे, झालरी, पंचमुखी हॉर्न, मागे लिहायच्या शेरांचे तयार स्टिकर, असं सगळं तिथे मिळतं. दुकानदाराने एक चकचकीत जाडजूड नळकांडं काढून दाखवलं. मोकळा सायलेन्सर. हा लावला की गाडी वाघासारखी बोलती, म्हणाला. साडूंनी ते नळकांडं उचलून कानाला लावलं, लहान मुलं शंख लावतात तसं, आणि लगेच हो म्हणाले. कंपनीचा सायलेन्सर सोडवून पिकअपच्या मागे टाकला, हा बसवला, किल्ली फिरवली. समोरच्या रसवंतीतली माणसं पेले हातात धरून उठून उभी राहिली. साडूंच्या तोंडावर मात्र असं समाधान पसरलं, जसा परदेशातनं मुलाचा फोन लागावा. "बोलली," एवढंच म्हणाले.

बोलली, पण त्यापुढे काही करेना. खोडदच्या फाट्यापर्यंत ठीक गेली आणि मग समोर एक पिवळा दिवा लागला. किटलीच्या आकाराचा. साडूंना आधी वाटलं, चहाची वेळ दाखवणारी काही सोय असेल. पण किटली लागली ती विझेना, आणि लागल्यापासून गाडीच्या अंगातलं बळ गेलं. सपाटीला कशीबशी पळायची. चढ आला की सायकलवाला शेजारून जाताना चौकशी करून जायचा. आवाज रणगाड्याचा आणि वेग वरातीचा. खोडदला त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. मला रोज भीती, तिथल्या कुणाला तरी नवा तारा सापडल्यासारखा वाटायचा. मी तसं म्हणालो, तर साडू तबकडीकडे बराच वेळ बघत राहिले. "लांबलांबचं बारीक बारीक ऐकू येतं म्हनं त्यांना," म्हणाले.

नारायणगावच्या गॅरेजवाल्याने दोष दाखवणारी एक डबी गाडीला जोडली, क्षणभर बघितलं आणि सांगून टाकलं, "आप्पा, इंजिनाला काय बी झालं न्हाई. जुन्या सायलेन्सरला सेन्सर व्हता. ह्या नळीत त्याला जागाच न्हाई, वायर नुसती लोंबतीय. धूर कसा चाललाय ते गाडीला समजंना, म्हणून ती भीत भीत चालतीय. जुना लावा, विषय संपला."

"जुना सोडून बोल," साडू म्हणाले.

"जुना सोडून कायच न्हाई."

"हाय. बगाया पायजे."

आणि इथून आमच्या हालअपेष्टांना सुरुवात झाली. रोग माहीत, औषध माहीत, औषध घरात पडलेलं, आणि रोगी ते सोडून बाकी सारं घ्यायला तयार. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला. हवेचा फिल्टर धुण्याच्या दगडावर आपटून आपटून असा झाडला की तोही बदलावा लागला. मग डिझेलवर संशय आला, म्हणून टाकी उपसून सगळं डिझेल पिंपात काढलं, दोन दिवस निवळत ठेवलं आणि तेच परत भरलं. प्रत्येक उपचारानंतर ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन एक टोक इंजिनावर, एक कानात, असे ते वाकून उभे राहत आणि मग नळी माझ्या हातात देत. "तुमी ऐका."

मी ऐकायचो. धडधड ऐकू यायची. "बरोबर वाटतंय," मी म्हणायचो.

"काय बरोबर वाटतंय?"

मी नळी परत देऊन टाकायचो. आज विचार केला तर वाटतं, नळी सारखी माझ्या हातात का येते, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला वाटायचं, माझं शिक्षण चाललंय.

मग त्यांनी गाडीची खांदेमळणी केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून मळतात. पोळा लांब होता, तरी चालेल म्हणाले, आजाऱ्याला मुहूर्त नसतो. बैलाचा खांदा कुठे ते माहीत असतं; पिकअपचा खांदा कुठे यावर वस्तीत दोन मतं पडली. शेवटी इंजिनाला नळी जिथे जोडलेली असते तो सांधा म्हणजे खांदा, असं ठरलं आणि अक्कांच्या डब्यातलं कढवलेलं तूप त्या सांध्याला चोळण्यात आलं. आठवडाभर पिकअप जिथून जाई तिथे पुरणपोळीचा वास सुटे. वस्तीवरची पोरं अवेळी जेवायला मागू लागली. किटली मात्र तशीच. तेव्हा साडूंनी अक्कांची एक मोठी टिकली मागून घेतली आणि किटलीवर चिकटवली. दिवा दिसायचा बंद झाला. "हा एक गुण आला," म्हणाले.

अक्का तोपर्यंत गप्प होत्या. त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना सांगा कायतरी. पोरगं आयकायचं न्हाई आता." पोरगं म्हणजे त्यांचा मुलगा, चाकणला कंपनीत आहे. शहाणा, कमी बोलणारा. तो आधीच्या रविवारी येऊन गेला होता, गाडीचा प्रकार पाहून गेला होता, आणि जाताना त्याने सांगितलं होतं की बाजार सुरू होतोय, भरलेली गाडी चढ चढत नसेल तर ठेवून काय करायची. मंचरचा एकजण घ्यायला तयार आहे, येत्या रविवारी बघायला येईल. माल न्यायला टेम्पो काय, पुष्कळ मिळतात. "आप्पा, तुमी आता बसा निवांत," म्हणाला. मायेनेच म्हणाला. पण मी साडूंकडे बघत होतो. मला त्यांचा चेहरा पाहून आमच्या दुकानासमोर दिवसभर बसून येणारी-जाणारी वाहनं मोजणारे म्हातारे आठवले. निवांत बसलेले.

म्हणजे हातात आठवडाही उरला नव्हता, आणि त्यात मध्येच निरगुडसरचं बारसं आलं. आमच्या दोघांच्या बायकांचं माहेर ते. मेहुण्याला नातू झालेला. साडूंनी जाहीर केलं की पिकअपनेच जायचं, तिला मोकळ्या रस्त्याची हवा लागली की बरं वाटेल. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि एसटीचा रस्ता धरला. मी साडू असल्यामुळे मला तो मार्ग नव्हता. त्या प्रवासात आम्हाला कांद्याच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टरने मागे टाकलं, बँडवाल्यांच्या टेम्पोने टाकलं, आणि एका चढावर तर मेंढरांचा एक कळप आमच्या दोन्ही बाजूंनी शांतपणे पुढे निघून गेला. शेवटची मेंढी वळून बघत होती. पलीकडच्या गावातली माणसं आवाज ऐकून रस्त्याकडेला सरकायची, खूप वेळ वाट बघायची आणि आम्ही येईपर्यंत पुन्हा कामाला लागलेली असायची. निरगुडसरला पोहोचलो तेव्हा दोघी बहिणी हातपाय धुऊन, चहा पिऊन, पाळण्याला फुलं बांधत होत्या.

माझे कान रात्रीपर्यंत वाजत राहणार, हे मी धरूनच चाललो होतो. साडू मात्र ताजेतवाने. पाळण्याला पाठ करून खाली बसले. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपके घातले, आणि त्या गलक्याने बाळ जे बिथरलं ते काही केल्या थांबेना. बेंबीच्या देठापासून म्हणतात तसं रडत होतं. पाळणा साडूंच्या पाठीला टेकलेला. साडू माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, "पोरगं लई गुणाचं हाय राव. एवढी माणसं, पर हूं की चूं न्हाई."

सगळे हसले. साडूंचा विनोद म्हणून मीही हसलो. मग हसता हसता त्यांच्याकडे बघितलं, तर ते हसत नव्हते. आपण काय बोललो म्हणून लोक हसतायत ते त्यांना समजत नव्हतं, आणि समजत नाही हे ते एका सावकाश हसण्याने झाकत होते. पंगतीत माझी जिलेबी पानात तशीच राहिली. आमच्या घरात ही गोष्ट कुणी खरी मानत नाही, पण राहिली.

येताना मेंढ्यांचा तोच कळप पुन्हा आडवा आला. या वेळी उलटा, त्यामुळे निदान मागे पडल्याची लाज नव्हती. साडूंनी गाडी बंद केली. एकाएकी सगळं शांत झालं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलेलो.

"पावणं," मी जरा मोठ्याने विचारलं, "केव्हापासून?"

काय केव्हापासून, असं त्यांनी विचारलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून मेंढ्या बघत राहिले.

"दिवाळीच्या आसपास गाडीचा आवाज बसाया लागला," म्हणाले. "मला वाटलं, गाडीचंच काय तरी असंल. मग हिरीवरच्या मोटारीचा बसला. मोटार बी जुनीच हाय, म्हटलं. मग हिचा बी बसला." ही म्हणजे अक्का. अक्कांचा आवाज खोडदहून नारायणगावला येतो. "तवा समजलं. समद्यांचं नरडं येकाच वर्साला कसं बसंल?"

मेंढ्या चालल्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा मला ऐकू येत होत्या.

"डावा जरा बरा हाय. उजव्याचं काम संपलं. ह्यो मोकळा लावला तवा गाडी कळाया लागली. आवाज न्हाई तर गेर कुठला द्याचा, कसं कळंल, तुमीच सांगा."

"डॉक्टरला दाखवू. मशीन मिळतं कानाचं."

"मिळतंय की. पर ते समद्यास्नी दिसतंय. पोराला दिसलं की किल्ली गेली." मग किल्लीला हात लावत, "सीझन झाल्यावर जाऊ. तुमी चला संगं."

मी हो म्हणालो. आता आली का पंचाईत. मोकळा ठेवला तर गाडी चढत नाही म्हणून जाणार, जुना लावला तर साडूंना ऐकू येत नाही म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदाच यंत्राच्या दुखण्यावर मनापासून विचार केला आणि कुठलाही उपाय सुचला नाही.

उपाय साडूंनीच काढला. जुना सायलेन्सर अक्कांनी परसात घेवड्याच्या वेलाला टेकू म्हणून लावला होता. तो दोन शेंगांसकट काढून आणला. गॅरेजवाल्याने बसवला, सेन्सर जागेवर लावला, किटली विझली. टिकलीखाली ती विझली आहे हे टिकली काढल्यावर कळलं. आणि रविवारी सकाळी, मुलगा आणि तो मंचरचा माणूस वस्तीवरच्या चढाच्या टोकाला जाऊन उभे राहिले असताना, खाली पिकअपमध्ये कॅरेटं रचून झाल्यावर साडूंनी डावीकडचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "बसा. आवाज कसा येतोय तेवढं सांगत चला."

"पावणं, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळाया नगं. आयकू येतंय न्हवं?"

गाडी हलली. खरंच, इतकी शांत की मलाही नीट लक्ष द्यावं लागलं. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागलो. "आता हलकं चाललंय. दळण संपत आलेल्या गिरणीसारखं." साडूंनी दुसरा टाकला. "आता भरली गिरणी. आता... आता म्हातारा माणूस जिना चढताना धापा टाकतो ना, तसं."

"किती म्हातारा?"

"आपल्या सासऱ्यांएवढा."

त्यांनी झटकन गेर मागे घेतला. पिकअपने एकदा मान खाली घातल्यासारखं केलं आणि चढाला लागली. कॅरेटं मागे कुरकुरत होती. मी सुचेल ते बरळत होतो, कधी शिलाई मशीन, कधी उकळता रस्सा, आणि साडू समोर बघून, ओठ घट्ट मिटून, मी सांगेन त्याला गेर देत होते. चढाच्या टोकावर मुलगा दिसला. आम्ही न थांबता त्याच्याजवळून वर गेलो. त्याने मंचरच्या माणसाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण बाजारात माल उतरवताना तो मोटारसायकलवर मागोमाग आला, एकटाच आला, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आप्पा, चांगली झाली की. राहू द्या मग." आणि मला, "काका, तुम्ही आज इकडे कसे?" मी म्हटलं, सहज.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी माझं दुकान उशिरा उघडतं. सीझन झाला, दुसरा आला, डॉक्टरचं मी दर वेळी काढतो आणि साडू दर वेळी हो म्हणतात. मला आता आवाज थोडेफार ओळखू येतात. बायको म्हणते, तुम्ही हल्ली घरातसुद्धा कशालाही कान लावून उभे असता.

परवा परतताना गाडी रिकामी होती, रस्ता सरळ, इंजिन एका लयीत चाललेलं. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच गप्प बसून बाहेरचे मळे बघत होतो. थोडं अंतर गेल्यावर गाडी कडेला थांबली. साडूंनी इंजिन बंद केलं नव्हतं, ते सुरूच होतं. त्यांनी बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बंद पडली का?"

"नाही पावणं," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. "चालू आहे. झकास चालू आहे."

त्यांनी मान हलवली.  मग गेर टाकत म्हणाले, "मंग बोलत ऱ्हावा."